मैना, पारवा आणि सोन्याचा पिंजरा

१ नोव्हेंबरला बेंगळूरुची इलेक्ट्रॉनिक सिटी लाल-पिवळी होते. रिक्षांच्या टपांवर, चहाच्या टपऱ्यांवर, काचेच्या इमारतींच्या फाटकांवर कन्नड झेंडे लागतात. चौकात लाउडस्पीकर असतो, एरवी इंग्रजीत बोलणारी मुलं-मुली त्या दिवशी पांढरी लुंगी नाहीतर रेशमी साडी नेसून कामावर येतात. कर्नाटक राज्योत्सव. त्याच सकाळी पाचशे किलोमीटरवर बेळगावात दंडाला काळ्या फिती बांधून सायकलींची निषेध फेरी निघते. तिथल्या मराठी माणसांचा तो काळा दिन.

दोन्हींचं मूळ एका तारखेत आहे. १ नोव्हेंबर १९५६ला राज्य पुनर्रचना अमलात आली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. बेळगाव, खानापूर, निपाणीची माणसं रात्री झोपली ती एका राज्यात, उठली ती दुसऱ्यात. घर तेच, शेत तेच, विहीर तीच. माणसं जागची हलली नव्हती, रेष सरकली होती.

त्या सीमाभागातली मुलं आज इलेक्ट्रॉनिक सिटीत बरीच आहेत. कुणी संगणकावर, कुणी बोम्मसंद्राच्या कारखान्यात यंत्रावर, कुणी मेसमध्ये. कागदोपत्री ती परप्रांतीय नाहीत, आपल्याच राज्याच्या राजधानीत आलेली आहेत. रिक्षावाल्याशी फर्डं कन्नड बोलतात. पण फोनवर आईशी ‘जेवलीस काय? काय करायलीस?’ असं सुरू झालं, की पुण्याहून आलेला शेजारी विचारतो, ‘तुझी मराठी अशी कशी रे?’ इथे मराठी, तिकडे कानडी, पुण्यात ‘अशी कशी’. या मुलांकडे पाहताना मला सारखी आठवण येते ती दूर मेक्सिकोच्या सीमेवरच्या एका गाण्याच्या प्रकाराची. त्याचं नाव कोरिदो.

घोडा की घोडी

कोरिदो म्हणजे मेक्सिकोचा पोवाडा म्हटलं तरी चालेल. चार-चार ओळींची कडवी, साधी चाल, आणि सुरुवातीलाच तारीख, गाव, माणसाचं नाव. शेवटी निरोपाचं कडवं, त्याला ‘देस्पेदिदा’ म्हणतात. त्या निरोपात पुष्कळदा एक पारवा येतो. गाणारा त्याला सांगतो, उडत जा आणि झालेली गोष्ट लोकांना सांग. आपला शाहीर शेवटी स्वतःचं नाव गुंफतो, तिकडचा पारवा उडवतो.

१८४८च्या तहाने मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख अमेरिकेकडे गेला. टेक्सास आधीच सुटलं होतं, तहाने रिओ ग्रांद नदी ही सीमा पक्की झाली. नदीच्या उत्तरेला जी मेक्सिकन माणसं होती, ती घराबाहेर पाऊल न टाकता परक्या देशात गेली. सीमेवरचा कोरिदो पिकला तो याच मुलखात.

त्यातला सर्वांत गाजलेला कोरिदो ग्रेगोरियो कोर्तेसचा. १२ जून १९०१ला टेक्सासमध्ये एक शेरीफ घोडाचोराच्या शोधात कोर्तेसच्या दारात आला. दुभाष्यामार्फत त्याने विचारलं, अलीकडे घोड्याची अदलाबदल केलीस का? कोर्तेसने केली होती ती घोडीची. स्पॅनिशमध्ये घोड्याला एक शब्द आणि घोडीला अगदी वेगळा. तो खरं तेच बोलला, ‘नाही’ म्हणाला. दुभाष्याला तो फरक कळला नाही, शेरीफला वाटलं हा खोटं बोलतोय. गोळीबार झाला, कोर्तेसचा भाऊ जखमी झाला, शेरीफ मेला. कोर्तेस पळाला. दहा दिवस घोड्यावर आणि पायी, मागे शेकडो माणसं. शेवटी सीमेजवळ पकडला गेला, जन्मठेप झाली आणि १९१३मध्ये गव्हर्नरने त्याला माफी दिली. पण खटले संपायच्या आत गाणं गावोगाव पोचलं होतं. सीमेवरच्याच ब्राउन्सव्हिल गावात जन्मलेल्या अमेरिको पारेदेस या अभ्यासकाने त्यावर १९५८मध्ये पुस्तक लिहिलं आणि कोरिदो विद्यापीठात शिरला.

एका शब्दाने माणूस फरारी होतो, ही सीमेवरची गोष्ट आहे. आपल्याकडे त्यावरून गोळी सुटेलच असं नाही, पण शब्द तसेच दगा देतात. मराठी बाई कन्नड बाईला आदराने ‘ताई’ म्हणते. कन्नडमध्ये ‘तायी’ म्हणजे आई. समवयस्क बाईला आई म्हटल्यावर काय होतं, ते भाजीच्या गाड्यावर एकदा पाहावं.

दोन डफ, एक कडं

कोरिदोला साथ असते ती अकॉर्डियनची आणि बारा तारांच्या जाड आवाजाच्या गिटारीची. अकॉर्डियन मेक्सिकोचं नव्हे. टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत वसलेल्या जर्मन आणि चेक शेतकऱ्यांनी ते पोल्का नाचासाठी आणलं. सीमेवरच्या माणसाने ते उचललं आणि त्यावर आपली दुःखं वाजवली. आपली पेटीही अशीच युरोपातून आलेली, तीही हवेने थरथरणाऱ्या पितळी पत्तीचीच. तमाशात आणि कलापथकात ती इतकी मुरली, की तिला परकी म्हणायला जीभ वळत नाही. स्थलांतर गाणाऱ्यांची वाद्यंही स्थलांतरित.

गंमत पुढेच आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर वाजतं ते एकच अकॉर्डियन. आपल्या रेषेच्या दोन्ही बाजूंनाही डफ आणि तुणतुणं एकच. उत्तर कर्नाटकात गीगी पदं म्हणतात. मुख्य गायकाच्या हातात डफ, साथीदाराकडे तुणतुणं, मागे झीलकरी. डोळे मिटून ऐकलं तर सांगली-साताऱ्याचा फड उभा राहतो. कानडीतही त्या गाण्याला लावणीच म्हणतात. ॲकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने शाळिग्रामांच्या साथीने मराठी पोवाडे गोळा करून १८९१मध्ये छापले. त्याच सुमाराला फ्लीट या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने कानडी लावण्या गोळा केल्या. त्यात कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाची लावणी आहे. रायण्णाला इंग्रजांनी १८३१मध्ये फाशी दिलं ते नंदगडला, म्हणजे खानापूर तालुक्यात, सीमावादातल्या गावांच्या अगदी मधोमध.

आज बेंगळूरुच्या मुख्य रेल्वे स्थानकाला त्याच रायण्णाचं नाव आहे. बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघालेला मुलगा कित्तूरच्या राणीच्या नावाच्या गाडीत झोपतो आणि तिच्या शिलेदाराच्या नावाच्या स्थानकावर उतरतो. ही दोन्ही नावं त्याच्याच जिल्ह्यातली. तरी बाहेर आल्यावर त्याला विचारलं जातं, ‘कुठला तू?’

गावावर राहिलेली

आपल्याकडे कोरिदोच्या तोलाचं सीमागीत कोणतं, तर अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड.

अण्णा भाऊ १९२०मध्ये वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात जन्मले. मूळ नाव तुकाराम. लहानपणीच आईवडिलांबरोबर मुंबईला आले, तेही पायी. हमाली केली, गिरणीत राबले, कामगार वस्तीत राहिले. शाळेत जेमतेम दिवस काढलेल्या या माणसाने १९४४मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढे सरकारने कलापथकावर बंदी घातली, तमाशाला लोकनाट्य हे नाव मिळालं आणि गाणं चालू राहिलं.

छक्कडीची रचना नीट पाहावी. सुरुवात अगदी घरगुती आहे. पोटासाठी मुंबईला आलेला गडी, आणि गावाकडे मागे राहिलेली त्याची बायको, त्याची मैना. तिचं रूप, तिचा निरोप, त्याच्या जिवाची काहिली. मग मुंबई दिसते, उंच माड्या आणि उपाशी माणसं. तोवर ऐकणारा समजतो, हे विरहाचं गाणं आहे. शेवटाकडे शाहीर कूस बदलतो. गड्याला मैना भेटत नाही, तशीच महाराष्ट्राला त्याची तोडलेली अंगं भेटत नाहीत. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. ज्याने पोटासाठी गाव सोडलं त्याचं दुःख, आणि ज्याचं गाव रेषेने तोडलं त्याचं दुःख, शाहिराने एकाच मैनेत भरलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या सभांत अमर शेखांचा पहाडी आवाज लागला, की गिरणीतला कोकण्या आणि घाटावरचा गडी दोघांनाही वाटे, हे आपलंच घर.

कोरिदोत ही दोन दुःखं निरनिराळ्या गाण्यांत सापडतात. सरकलेल्या रेषेची गाणी जुनी, पोटामागे रेष ओलांडणाऱ्यांची पुढची. मराठीत ती एका छक्कडीत बांधली गेली, कारण मुंबईच त्या वेळी दोन्ही होती: पोटाचं ठिकाण आणि भांडणाचं कारण. १ मे १९६०ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. डांग-उंबरगाव गुजरातेत, बेळगाव-कारवार म्हैसूर राज्यात. १९६७च्या महाजन आयोगाच्या अहवालानेही बेळगाव तिकडेच ठेवलं. महाराष्ट्राचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मैना अजून गावावरच आहे.

आता एक गोष्ट शाहिराच्या नावातली. ‘अण्णा’ हा शब्द मराठीत कानडीतून आला. थोरला भाऊ. तोडलेल्या बेळगावसाठी सर्वांत कळवळून गाणारा शाहीर जन्मभर कानडी नावाने हाक ऐकत होता, आणि कुणालाही ते खटकलं नाही. रेष आखणाऱ्यांपाशी असा कान नसतो.

आणि मैना? छक्कडीत ती दिसते, बोलत नाही. तिचं बोलणं ऐकायचं तर जात्यापाशी बसावं लागतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखभर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. परगावी गेलेल्या भावाची, नवऱ्याची, मुलाची वाट पाहणारी बाई त्यांत आहे. कोरिदो हे बव्हंशी पुरुषांनी, पुरुषांविषयी गायलेलं गाणं. उंबऱ्याच्या आतली बाजू मराठीने अधिक जपून ठेवली, एवढं म्हणायला हरकत नाही.

दुसरी सिलिकॉन व्हॅली

इलेक्ट्रॉनिक सिटीची कल्पना आर. के. बाळिगा यांची. ‘केऑनिक्स’ या कर्नाटक सरकारच्या कंपनीने १९७८मध्ये कोणप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांतल्या ३३२ एकरांवर ती वसवायला घेतली. बेंगळूरुला भारताची सिलिकॉन व्हॅली करायची, हे बाळिगांचं स्वप्न. इथली सर्वांत नावाजलेली कंपनी, इन्फोसिस, तीही स्थलांतरित. १९८१मध्ये पुण्यात जन्मली आणि १९८३मध्ये बेंगळूरुला आली.

खऱ्या सिलिकॉन व्हॅलीतलं मोठं शहर सान होसे. संगणकाच्या आधी तिथे फळबागा होत्या, जर्दाळू आणि आलुबुखारे, आणि फळं डबाबंद करणारे कारखाने. तिथे राबायला मेक्सिकन माणसं येत. १९६८मध्ये त्याच रस्त्याने सिनालोआ प्रांतातली काही पोरं गाणं म्हणायला आली. सगळी एका कुटुंबातली, एर्नांदेस भाऊ आणि त्यांचा चुलतभाऊ. सीमेवरच्या अधिकाऱ्याने त्यांना ‘छोटे वाघ’ म्हटलं, तेच नाव चिकटलं: लोस तिग्रेस देल नोर्ते, उत्तरेचे वाघ. सान होसेतच ती राहिली आणि स्थलांतरितांची सर्वांत मोठी गाणारी मंडळी झाली.

वाघांना पहिलं यश दिलं ते मोटारीच्या टायरांत गांजा भरून सीमा ओलांडणाऱ्या जोडप्याच्या कोरिदोने. त्यातून पुढे तस्करांचं गुणगान करणाऱ्या कोरिदोंचं पीक आलं आणि त्याची किंमत मेक्सिकोने मोजली. हेही सांगायला हवं. लोकगीत म्हटलं की ते सोज्वळ असतंच, हा शहरी गैरसमज. पण याच मंडळींनी नदी पोहून आलेल्या ‘ओल्या’ माणसांच्या बाजूने गायलं, आणि १९८०च्या दशकात एन्रिके फ्रांको याने रचलेलं ‘ला हाउला दे ओरो’ दिलं. सोन्याचा पिंजरा.

त्यातला बाप दहा वर्षांपूर्वी कागदांशिवाय अमेरिकेत आला. काम आहे, पैसा आहे, बायको-मुलं आहेत. मुलं इंग्रजी बोलतात, मेक्सिकोचं नाव नको म्हणतात. बाप पकडलं जाण्याच्या भीतीने घराबाहेर पडत नाही. गाण्याच्या मध्येच वाद्यं मागे सरतात आणि बाप मुलाला स्पॅनिशमध्ये विचारतो, परत जाऊन राहायला आवडेल का? मुलगा इंग्रजीत उत्तर देतो: नाही. पिंजरा सोन्याचा असला तरी पिंजराच.

हे गाणं मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते भाच्याच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात. भाचा कोल्हापूरचा, पंधरा वर्षं इथे. त्याच्याकडे सगळे कागद आहेत, त्याला कुणी पकडणार नाही. पण त्याची आठ वर्षांची मुलगी आपल्या खोलीतून इंग्रजीत उत्तर देते तेव्हा तो गप्प होतो. तो गप्पपणा मला ओळखीचा वाटला.

ज्यांचं गाणं नाही

तरी भाच्याला कोरिदोचा नायक करणं बरं नव्हे. कोरिदो राबणाऱ्या हाताचा आहे. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने सरकारी करार करून मेक्सिकन शेतमजूर आणले. सुमारे ४६ लाख करार झाले. हंगाम सरला की माघारी. २८ जानेवारी १९४८ला माघारी जाणाऱ्या २८ मजुरांचं विमान कॅलिफोर्नियात लोस गातोस दरीत कोसळलं. विमानाचे कर्मचारी आणि सोबतचा अधिकारी यांची नावं बातमीत आली. मजूर नुसते ‘परत पाठवलेले’. वुडी गथ्री या अमेरिकन गायकाने त्यावर गाणं रचलं. फ्रेस्नोच्या दफनभूमीतल्या सामुदायिक थडग्यावर त्या २८ जणांची नावं कोरली गेली ती २०१३मध्ये. पासष्ट वर्षांनी. तोवर त्यांची आठवण गाण्यानेच धरून ठेवली होती.

इथल्या राबत्या हातांकडे पाहा. पहाटे साडेपाचला होसूर रस्त्यावर उभं राहिलं, की वर दहा किलोमीटरचा उड्डाणरस्ता, २०२५च्या ऑगस्टपासून धावणारी पिवळी मेट्रो, आणि खाली चालणारी माणसं. ओडिशा, झारखंड, बिहार, आसाम, रायचूर, कलबुर्गी. पहारेकरी, गवंडी, शिवणयंत्रावरच्या मुली. दक्षिणेला थोडं गेलं, की अत्तिबेलेचा नाका आणि पलीकडे तमिळनाडू. एका गल्लीत पाच भाषांच्या पीजींच्या पाट्या.

एप्रिल २०१६मध्ये याच होसूर रस्त्यावर कपडे शिवणाऱ्या हजारो बायका बसल्या. भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा वयाच्या ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही, असा नियम आला होता. त्या कुणा पक्षाच्या बोलावण्यावरून आल्या नव्हत्या, कारखान्यांतून उठून आल्या होत्या. दोन दिवसांत, १९ एप्रिलला, केंद्र सरकारने नियम मागे घेतला. मे २०२०मध्ये टाळेबंदीत गावी निघालेल्या मजुरांच्या रेल्वेगाड्या, बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाल्यावर राज्य सरकारने रद्द केल्या. ओरड झाल्यावर पुन्हा सोडल्या. दोन्ही घटनांत पोवाड्याचं सगळं सामान आहे: तारीख, रस्ता, जमाव, सत्ता आणि तिची माघार. फक्त डफ हवा.

डफ का वाजत नाही? मुंबईच्या गिरणगावात माणूस तीस वर्षं एका चाळीत राहायचा. गाणं रचणारा, ऐकणारा, चुकलं तर टोकणारा एकाच जिन्यावर भेटे. सान होसेतही बागांमागे वस्ती होती, वस्तीत रविवारचा नाच होता. पीजीतला माणूस अकरा महिन्यांत खोली बदलतो. त्याच्याजवळ फोनवर गाणी हजार आहेत, पण ती ज्याची त्याच्या कानात. सीमागीताला दुःख लागतंच. त्याहून जास्त लागतो तो शेजार.

जमिनीला मात्र गाणं ठाऊक आहे. इथून जवळच बेगूरला नागेश्वराच्या देवळात एक जुना शिलालेख आहे, साधारण नवव्या शतकाच्या शेवटाचा. ‘बेंगळूरु’ हे नाव लिहिलेलं सापडतं ते तिथे पहिल्यांदा. त्यात लिहिलंय काय, तर बेंगळूरुच्या लढाईत एक माणूस पडला. शहराची पहिली नोंद राजाच्या वाड्याची किंवा बाजारपेठेची नाही, पडलेल्या माणसाची आहे. हे दगडावरचं पहिलं कडवंच. पुढे १६३८नंतर शहाजीराजे या शहरात राहिले. त्यांच्या पदरी जयराम पिंड्ये हा कवी होता. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त अनेक भाषांतले कवी एका दरबारात आपापली कवनं म्हणतात. इतक्या भाषांना एकत्र बसवणं या गावाला नवीन नाही. एकमेकांचं ऐकायला बसवणं तेवढं राहिलंय.

खोली

मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी भाच्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला, ‘माझी मैना’ म्हणून दाखवली. माझा आवाज शाहिराचा नाही, पण ठेका धरता येतो. ती पलंगावर मांडी घालून बसली, अर्ध्यात टाळ्याही वाजवू लागली. संपल्यावर तिने विचारलं, अर्थातच इंग्रजीत, की त्याने तिला बरोबर का नाही नेलं?

सत्तर वर्षं लोक हे गाणं ऐकतायत. मी स्वतः शंभरदा ऐकलं असेल. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

‘त्याच्याकडे खोली नव्हती,’ मी म्हणालो. ‘एका खोलीत वीस-वीस माणसं राहायची. पाळीपाळीने झोपायची. बायकोला कुठे ठेवणार?’

ती उठून गॅलरीत गेली. समोर नवा टॉवर चढतोय, बाविसाव्या मजल्यापर्यंत आलाय. त्याच्या पायथ्याशी मजुरांच्या पत्र्याच्या शेडांची रांग, दारादारांत एक-एक दिवा. कुणीतरी बादलीतून अंगावर पाणी घेत होतं, कुणी फोन कानाला लावून फेऱ्या मारत होतं.

कठड्यावरून तिने बोट दाखवलं आणि मराठीत विचारलं, ‘त्यांच्यासारखी?’

‘हो,’ मी म्हणालो. ‘तशीच.’